घराखाली रबराच्या उशा

दिवाळीच्या अंकात भूकंपाचा विषय कशाला काढला, असे काही वाचकांच्या मनात येईल. फराळाचे ताट पुढ्यात असताना पडझडीच्या गोष्टी नकोत, हे म्हणणे रास्तच आहे. पण भूकंपाला सणवार कळत नाहीत. 1993 साली अनंत चतुर्दशीच्या रात्री लातूर-उस्मानाबाद भागातली माणसे गणपती पोचवून, दमूनभागून घरी येऊन निजली होती. 30 सप्टेंबरची पहाट. चार वाजायला चार मिनिटे कमी होती. तेवढ्यात जमीन हादरली आणि किल्लारी-सास्तूर परिसरातली गावे झोपेतच ढिगाऱ्याखाली गेली. 2001 साली कच्छमध्ये भूकंप झाला तो दिवस 26 जानेवारीचा. सकाळचे पावणेनऊ वाजले होते आणि अंजार गावात शाळेची मुले प्रजासत्ताक दिनाच्या फेरीत हातात झेंडे घेऊन चालली होती. अरुंद गल्लीत दोन्ही बाजूंची घरे त्यांच्यावर कोसळली.

तेव्हा विषय काढायला मुहूर्त पाहण्यात अर्थ नाही. शिवाय आज सांगायची आहे ती भयकथा नाही. भूकंप रोखता येत नाही, तो नेमका केव्हा होणार हेही कुणाला सांगता येत नाही. पण भूकंपात घर पडू न देणे माणसाला जमू लागले आहे. एवढेच नव्हे, तर घरातल्या फडताळातली कपबशीसुद्धा जागची हलू नये, इथपर्यंत मजल गेली आहे. ती कशी गेली आणि त्यातले तुमच्या-आमच्या वाट्याला काय येते, हे ह्या वेळी पाहू.

घर पडते ते कशाने?

जमीन हलली म्हणून घर पडते, हे उत्तर अर्धेच खरे आहे. एस. टी.च्या गाडीत उभे असताना चालकाने एकदम गाडी सुरू केली, तर आपण मागे कलंडतो. आपल्याला कुणी ढकललेले नसते. पाय गाडीबरोबर पुढे जातात आणि धड मात्र होते तिथेच राहू पाहते. भूकंपात घराची हीच गत होते. पाया जमिनीबरोबर सरकतो, वरचे मजले मागे राहू पाहतात आणि मधल्या भिंतींवर, खांबांवर सगळी ओढाताण होते. जमीन एका दिशेने जाऊन थांबत नाही; सेकंदाला कित्येकदा ती मागे-पुढे होते. त्या हिसक्यांनी सांधे निखळतात.

ह्यातून पहिली गोष्ट निघते ती अशी, की घर जितके जड, तितका हिसका मोठा. किल्लारीकडची जुनी घरे पाहिलेल्यांना हे सहज पटेल. दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचे जाडजूड माळवद. उन्हाळ्यात गारवा, चोरचिलटाची भीती नाही, पिढ्यान् पिढ्या टिकणारे घर! पण ती जाड भिंत प्रत्यक्षात एक नव्हतीच. बाहेरचा एक थर, आतला एक थर आणि मधे भराव. दोन्ही थरांना बांधून ठेवणारा, भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड क्वचितच घातलेला. हादरा बसताच दोन्ही थर एकमेकांपासून सुटले आणि टनावारी माती निजलेल्या माणसांवर आली. त्याच गावांतल्या गोरगरिबांच्या हलक्या छपराच्या झोपड्या मात्र बऱ्याच ठिकाणी उभ्या राहिल्या.

दुसरी गोष्ट तालाची. झोपाळ्यावर बसलेल्या मुलाला योग्य वेळी बोटाने ढकलले तरी झोका वाढत जातो; अवेळी ढकलले तर जोर लावूनही वाढत नाही. प्रत्येक इमारतीलाही असा स्वतःचा झोका असतो. बैठ्या घराचा झोका सेकंदाच्या लहानशा भागात पुरा होतो. दहा मजल्यांच्या इमारतीला साधारण एक सेकंद लागतो. भूकंपाचे जोरदार हिसके बहुधा सेकंदाहून कमी वेळाचे असतात. म्हणजे दोन-चार मजली घरे नेमकी त्याच्या तालात सापडतात आणि जमीन हलते त्याहून गच्ची जास्त हलते.

मजबुतीची मर्यादा

मग घर आणखी मजबूत बांधावे, हा साधा विचार झाला. जगभरच्या इंजिनिअरांनी पुष्कळ वर्षे तोच केला आणि त्याने असंख्य जीव वाचलेही. पण मजबुतीला एक विचित्र मर्यादा आहे. ती एका इस्पितळाने दाखवून दिली.

अमेरिकेत लॉस एंजेलिसजवळ ऑलिव्ह व्ह्यू नावाचे इस्पितळ आहे. 1971 सालच्या फेब्रुवारीतल्या भूकंपात त्याची नवी कोरी इमारत इतकी मोडली, की शेवटी ती पाडावी लागली. पुन्हा बांधताना इंजिनिअरांनी पोलादाच्या आणि काँक्रीटच्या भक्कम भिंती घातल्या. त्या परिसरातली ती सर्वांत दणकट इमारतींपैकी एक ठरली. 17 जानेवारी 1994 रोजी पहाटे नॉर्थरिजचा भूकंप आला. इमारत तसूभरही ढळली नाही. परंतु ताठ उभ्या राहिलेल्या त्या इमारतीने जमिनीचा हिसका मुळीच शोषला नाही. उलट तो वाढवून वर पोचवला. जमिनीवरच्या हिसक्याच्या अडीचपट हिसका छपरावर नोंदला गेला. पाण्याचे नळ फुटले, मजल्यांवर पाणी झाले, सामान पडले आणि इस्पितळ रिकामे करून रुग्णांना दुसरीकडे हलवावे लागले. भूकंपात सापडलेले जखमी ज्या वेळी दाराशी यायचे, नेमक्या त्या वेळी इस्पितळ बंद!

भिंती वाचल्या, पण इस्पितळ कामाचे राहिले नाही. तेव्हा प्रश्न नुसत्या मजबुतीचा नाही, हे स्पष्ट झाले. पुरात ताठ उभा राहिलेला वृक्ष आणि वाकणारे लव्हाळे ह्यांची गोष्ट मराठी माणसाला नव्याने सांगायला नको. भूकंपापुढे घराला वाकायला कसे शिकवायचे, एवढाच प्रश्न होता.

छर्ऱ्यांवरचे घर

ह्याचे उत्तर शोधण्याचा पहिला नेटका प्रयोग जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वी जपानमध्ये झाला. जॉन मिल्न नावाचे इंग्रज प्राध्यापक टोकियोच्या इंजिनिअरिंग महाविद्यालयात शिकवीत असत. आधुनिक भूकंपशास्त्राचा पाया घालणाऱ्यांत त्यांचे नाव घेतात. 1880 नंतरच्या काही वर्षांत त्यांनी एक लहानसे घर बांधले आणि त्याच्या खांबांखाली बिडाचे गोळे ठेवले. वरून-खालून बशीसारख्या तबकड्या आणि मधे गोळा. कल्पना अशी, की खाली जमीन सरकेल, गोळे फिरतील आणि घर आपल्या जागी राहील.

भूकंपाच्या धक्क्यात कल्पना बऱ्यापैकी खरी ठरली. पण वारा सुटला की घर घरंगळू लागले! घर हलवायला भूकंपाची वाट पाहायचीच गरज उरली नाही. मिल्न ह्यांनी गोळे लहान-लहान करीत नेले आणि शेवटी पाव इंचाचे छर्रे वापरले. मग घर वाऱ्याला दाद देईना. पुढे 1909 साली कालान्तारिएन्त्स नावाच्या इंग्लंडमधल्या एका डॉक्टरने घर आणि पाया ह्यांच्यामध्ये बारीक वाळूचा किंवा अभ्रकाच्या भुकटीचा थर घालावा, म्हणजे घर त्यावरून सरकेल, अशी योजना मांडली. घर सरकले तर नळ आणि गॅसच्या नळ्या तुटू नयेत म्हणून त्यांनी वेगळे सांधेही सुचवले. रोग्यांची नाडी पाहणाऱ्या माणसाने घराचीही नाडी ओळखली, असे म्हणायला हरकत नाही.

ही कल्पना मुलांना सुट्टीत करून पाहण्याजोगी आहे. एका पाटावर रिकाम्या काड्यापेट्यांचा मनोरा उभा करा आणि पाटाला झटका द्या; मनोरा पडेल. मग मोठ्या परातीत मूठभर सारख्या गोट्या पसरा, त्यांवर जाड पुठ्ठा ठेवा आणि पुठ्ठ्यावर तोच मनोरा रचा. आता परात झटक्याने मागे-पुढे करा. परात सरकेल, गोट्या फिरतील आणि मनोरा बहुधा उभा राहील. मात्र पुठ्ठा हळूहळू कडेला जाऊन पोचेल. त्याला परत मध्यावर आणणारे कुणी नाही. एक गोटी कढईत सोडून पाहा. ती इकडे-तिकडे डोलते, पण फिरून तळाशीच येऊन थांबते. आणि कढईला तेलाचा हात असेल तर डोलणे किती वेळ चालते, तीच कढई खरबरीत असेल तर किती लवकर थांबते, तेही पाहा. घराला भूकंपापासून अलग ठेवायचे तर ह्या तिन्ही गोष्टी लागतात. खाली सरकणारे काहीतरी हवे, सरकलेले घर मध्यावर परत यायला हवे आणि त्याच्या डोलण्याला लगाम हवा.

चिरोटा आणि शिसे

ह्या तिन्ही गोष्टी एकाच वस्तूत आणून ठेवल्या त्या न्यूझीलंडच्या बिल रॉबिन्सन ह्यांनी. न्यूझीलंड हा आपल्यापेक्षा कितीतरी लहान, पण सतत हादरणारा देश. तिथल्या सरकारी प्रयोगशाळेत रॉबिन्सन काम करीत असत. 1970 नंतरच्या दशकात त्यांनी जी वस्तू सिद्ध केली, ती दिसायला अगदी साधी आहे. एखाद्या जाड पिंपासारखा किंवा चौकोनी ठोकळ्यासारखा तिचा आकार. आत मात्र दिवाळीच्या चिरोट्यासारखे पापुद्रे: रबराचा थर, पोलादाचा पातळ पत्रा, पुन्हा रबर, पुन्हा पत्रा. सगळे थर उष्णतेने आणि दाबाने एकजीव केलेले, आणि मधोमध आरपार बसवलेला शिशाचा जाड दांडा.

हे पापुद्रे कशासाठी? नुसत्या रबराच्या गोळ्यावर इमारत ठेवली तर ते बाजूंनी फुगून बाहेर येईल. मधल्या पोलादी पत्र्यांमुळे रबराला फुगता येत नाही. त्यामुळे वरून शेकडो टन वजन आले तरी ठोकळा दबत नाही. पण आडवे ढकलले तर पत्त्यांचा कॅट तिरपा व्हावा तसे थर एकमेकांवरून कलतात. रबर असल्याने जोर गेला की मूळ जागी परत येतात.

आता शिसे. शिसे हा मऊ धातू. वाकवला तर मुकाट वाकतो. भूकंपात इमारत डोलू लागली की हा दांडा मागे-पुढे मळला जातो आणि हालचालीतला जोर उष्णतेच्या रूपाने जिरवून टाकतो. दुसरा एखादा धातू असा वारंवार वाकवला तर कडक होऊन तुटतो. तार मागे-पुढे वाकवून आपण तोडतो ती ह्याच गुणामुळे. शिशाची खुबी अशी, की साध्या हवेच्या तापमानालाच त्याचे कण पुन्हा पहिल्यासारखे जुळून येतात. एक भूकंप पचवून ते दुसऱ्याला तयार! शिवाय वाऱ्याच्या झोताला शिसे पुरून उरते, म्हणून प्राध्यापक मिल्न ह्यांच्या घरासारखी इमारत घरंगळत नाही.

वेलिंग्टन शहरातली विल्यम क्लेटन ही सरकारी इमारत 1981 साली पुरी झाली. अशा शिसे-रबराच्या ठोकळ्यांवर उभी राहिलेली जगातली ती पहिली इमारत. अशा इमारतीचा झोका एकदम सावकाश होतो, एकेका हेलकाव्याला दोन-तीन सेकंद लागतात. भूकंपाचा ताल द्रुत, इमारतीचा विलंबित. दोघांची गाठ पडत नाही. इमारतीभोवती हातभर रुंदीचा मोकळा खंदक ठेवतात, म्हणजे तिला सरकायला जागा राहते. नळ, तारा, जिने, लिफ्ट ही सगळी त्या सांध्यापाशी लवचीक करतात. कढईतल्या गोटीचे तत्त्वही वाया गेले नाही. खोलगट पोलादी बशीत सरकणारा आधार देऊन त्यावर इमारती उभ्या करण्याची पद्धत अमेरिकेत निघाली, आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या आंतरराष्ट्रीय विमानतळाची इमारत तशा आधारांवर उभी आहे.

परीक्षेचे दिवस

नॉर्थरिजच्या ज्या भूकंपात ऑलिव्ह व्ह्यू इस्पितळ रिकामे करावे लागले, त्याच भूकंपात लॉस एंजेलिसमधल्या दुसऱ्या एका इस्पितळाचीही परीक्षा झाली. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाचे हे इस्पितळ 1991 साली उघडले होते आणि रबराच्या ठोकळ्यांवर उभे होते. भूकंपाच्या केंद्रापासून ते जास्त दूर होते, म्हणून दोन्ही ठिकाणचा हिसका सारखा नव्हता, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तुलना करायची ती पायथ्याची आणि माथ्याची. ऑलिव्ह व्ह्यूच्या माथ्यावर हिसका अडीचपट झाला होता. इथे पायाशी होता त्याच्या सुमारे निम्म्यावर आला. इस्पितळाचे काम चालू राहिले.

बरोबर एक वर्षाने, 17 जानेवारी 1995 रोजी जपानमध्ये कोबे शहर हादरले आणि सहा हजारांवर माणसे गेली. जवळच्या सांडा गावी टपाल खात्याची एक मोठी इमारत रबराच्या आधारांवर होती. ती सुखरूप राहिली. त्याआधी जपानात असली बांधकामे तुरळक होत. कोबेनंतर त्यांची रांग लागली. 11 मार्च 2011 रोजी ईशान्य जपानमध्ये महाभूकंप आणि त्सुनामी आली, तेव्हा इशिनोमाकी गावचे रेडक्रॉस इस्पितळ पाच वर्षांपूर्वीच समुद्रापासून आत नेऊन अशाच आधारांवर बांधलेले होते. गावातली बाकीची दवाखाने-इस्पितळे पाण्याखाली किंवा बंद. हे एकच मोठे इस्पितळ उभे होते, दिवे लागलेले होते, आणि त्या साऱ्या टापूतले जखमी तिकडेच येत राहिले.

गुंतवलेले पैसे वसूल झाले की नाही, हा हिशेब अशा दिवशी होतो.

भुजचे इस्पितळ

आपल्या देशातही हा हिशेब एका गावाने मांडला आहे. 2001 सालच्या कच्छच्या भूकंपात सुमारे चौदा हजार माणसे मरण पावली. भुजचे सरकारी इस्पितळ त्या सकाळी आतल्या रोग्यांसकट कोसळले. डॉक्टरांना उघड्या मैदानात जखमींवर उपचार करावे लागले. औषधे, हत्यारे, खाटा, सगळे ढिगाऱ्याखाली.

त्याच भुजमध्ये नव्याने तीनशे खाटांचे इस्पितळ बांधले गेले आणि 2004 साली ते सुरू झाले. पंतप्रधानांच्या मदत निधीतून त्याला पैसा मिळाला. त्याच्या खाली न्यूझीलंडचे ते शिसे-रबराचे ठोकळे आहेत. ज्या गावात इस्पितळच आधी पडले, त्या गावाने पुढचे इस्पितळ शेवटपर्यंत उभे राहील असे बांधले, ह्यापेक्षा चांगले स्मारक दुसरे कोणते असणार?

सगळ्यांच्याच घराखाली का नाही?

हे वाचून एखादे गृहस्थ म्हणतील, मग आमच्या सोसायटीखालीही चार-दोन डझन ठोकळे बसवून घेऊ! तसे नाही. उंच मनोऱ्याचा झोका मुळातच सावकाश असतो; त्याच्याखाली रबर घालून फारसा लाभ नाही. जिथे जमीन भुसभुशीत गाळाची आहे तिथे भूकंपाचा हिसकाही सावकाश, लांब लयीचा होतो; तिथे हा उपाय उलटण्याची भीती. 1985 साली मेक्सिको शहरात असाच लांब लयीचा भूकंप झाला. शेजारच्या इमारतीला भिंत टेकवून उभ्या असलेल्या घराला सरकायला जागाही नसते. शिवाय खर्च आहे, देखरेख आहे.

उंच इमारतींसाठी निराळी साधने निघाली आहेत. स्कूटरला धक्के शोषून घेणारी नळी असते, तशाच मोठ्या नळ्या मजल्यांमधल्या तिरप्या आधारांत बसवतात. तैवानच्या तैपेई 101 ह्या 508 मीटर उंच इमारतीत माथ्याजवळ 660 टनांचा पोलादी गोळा दोरखंडांनी टांगला आहे. इमारत एकीकडे झुकली की गोळा मागे राहून तिला आवरतो. त्याचे मुख्य काम वादळी वाऱ्याचे. भूकंपात तो डोलताना दिसतो तो जोडीचा भाग.

आणि एक गोष्ट यंत्राबाहेरची. 2015 साली जपानमध्ये उघडकीस आले, की एका नामांकित रबर कंपनीने भूकंपरोधक ठोकळ्यांच्या तपासणीचे आकडे खोटे लिहिले होते. ठोकळे सरकारी कचेऱ्यांखाली, इस्पितळांखाली बसलेही होते. ते बदलण्याचा उपद्व्याप करावा लागला. जपानसारख्या काटेकोर देशात हे घडले. रबर कितीही चांगले असले, तरी त्यावर सही करणारा माणूस खरा असावा लागतो.

आपल्या बिऱ्हाडाचे काय?

आता घरच्या गोष्टीकडे येऊ. महाराष्ट्र हा दख्खनच्या घट्ट पाषाणावर बसला आहे, आपल्याला कसली भीती, असे पूर्वी म्हणत. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेने तो भ्रम घालवला. कोयनानगर मोडले, सुमारे पावणेदोनशे माणसे गेली, धरणाच्या भिंतीला तडे गेले आणि तिला पुढे आधार द्यावा लागला. पुण्या-मुंबईची माणसे अंथरुणातून उठून बसली. 2002 साली सुधारलेल्या भूकंपाच्या नकाशात कोयनेचा मुलूख चौथ्या पट्ट्यात आणि मुंबई-पुणे तिसऱ्या पट्ट्यात दाखवली गेली. तिसरा पट्टा म्हणजे निर्धास्त नव्हे.

कच्छच्या भूकंपाच्या वेळी केंद्रापासून दोनशे किलोमीटरांहून अधिक दूर असलेल्या अहमदाबादेत कित्येक इमारती पडल्या आणि शेकडो माणसे गेली. त्या जुन्या हवेल्या नव्हत्या. चांगल्या वस्तीतल्या, सुशिक्षित मध्यमवर्गीयांनी हौसेने घेतलेल्या फ्लॅटांच्या इमारती होत्या. त्यांतल्या पुष्कळांची कहाणी एकच होती. खाली मोटारी ठेवायला मोकळी जागा, म्हणजे तळमजल्यावर नुसते खांब, भिंत नाही. वर चार मजले भिंतींनी भरलेले, जड आणि ताठ. सगळा हिसका त्या बारीक पायांवर आला आणि ते गुडघ्यात मोडले. असल्या इमारती आज आपल्या प्रत्येक शहरात, प्रत्येक गल्लीत उभ्या आहेत.

ह्यावर उपाय रबराचा नाही, लक्ष घालण्याचा आहे. तळमजल्याचे खांब वरच्यांपेक्षा भक्कम आहेत का, पायापासून वरपर्यंत गेलेल्या काँक्रीटच्या भिंती कुठे आहेत का, हे फ्लॅट घेताना विचारता येते. लिफ्टचा रंग आणि स्वयंपाकघरातल्या फरश्या आपण तासभर पाहतो. त्यातली पाच मिनिटे ह्या प्रश्नाला द्यावीत. खांबातल्या उभ्या सळयांना ज्या आडव्या रिंगा बांधतात, त्या जवळजवळ असाव्यात आणि त्यांची टोके काटकोनात सोडून न देता आत, काँक्रीटच्या गाभ्यात वळवलेली असावीत. भूकंपात काँक्रीटचा वरचा थर उडाला की काटकोनातली रिंग उघडते आणि खांब फुटतो. आत वळवलेली रिंग धरून ठेवते. सळया बांधणाऱ्या फिटरला एक रिंग वळवायला लागतात ते दोन क्षण अधिक. हा नियम आपल्या देशाच्या मानकांत 1993 सालापासून लिहिलेला आहे.

बांधलेल्या इमारतीत राहणाऱ्यांनीही हात जोडून बसू नये. दिवाणखाना मोठा दिसावा म्हणून मधला खांब किंवा तुळई फोडू पाहणाऱ्या शेजाऱ्याला सोसायटीने वेळीच अडवावे. गच्चीवर मागाहून चढवलेल्या टाक्या आणि खोल्या म्हणजे माथ्यावरचे ओझे. हिसका त्यानेच वाढतो. जुन्या इमारतीच्या स्ट्रक्चरल ऑडिटचा विषय सभेत निघाला की खर्चाच्या नावाने तो पुढे ढकलला जातो आणि बाहेरच्या रंगाला मात्र एकमताने मंजुरी मिळते. हा क्रम उलटा करता येईल. खेड्यात वडिलोपार्जित दगडमातीचे घर असेल तर माळवदाची वर्षानुवर्षे साठलेली माती कमी करावी, भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार बांधणी करावी, दाराखिडक्यांच्या वर सभोवार काँक्रीटचा पट्टा फिरवावा. किल्लारीनंतर ह्या भागातल्या गवंड्यांनी हे काम शिकून घेतले आहे.

आणि घरातल्या घरात? ज्या पलंगावर मुले निजतात त्याच्या वरच्या माळ्यावर पितळी पातेली आणि ट्रंका ठेवू नयेत. उंच कपाट चार स्क्रूंनी भिंतीला पक्के करावे. हादरा जाणवला तर जिन्याकडे किंवा लिफ्टकडे धावू नये. भक्कम टेबलाखाली शिरावे आणि त्याचा पाय घट्ट धरावा.

आपल्या जिल्ह्याच्या इस्पितळाची नवी इमारत होत असेल, तर तिच्या पायाखाली काय घालणार आहेत, हे नागरिकांनी जरूर विचारावे. भुजने तो खर्च आधीचे इस्पितळ गमावल्यावर केला. आपल्याला तो त्याआधी करता येईल.